वाचक विचारतात : अरब विकासनिधी, एक प्रकल्प आणि पाच सावकार

गेल्या अंकात रावेर-सावद्याच्या केळीच्या आखाती बाजारावर लिहिताना ‘अरब समन्वय गट’ हा शब्द एका ओळीत येऊन गेला. त्या ओळीवर जळगाव, धुळे, नंदुरबारहून बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, लांब पत्रं छाटली आहेत.

प्रश्न : हा अरब समन्वय गट म्हणजे बँक आहे का? त्यात कोण आहे आणि तो कशासाठी? (अर्थशास्त्राचे शिक्षक, शिरपूर)

उत्तर : बँक नाही. गटाला स्वतःचं भांडवल नाही आणि तो कुणाला कर्जही देत नाही. कर्ज देणाऱ्या संस्थांनी १९७५ पासून आपसात लावून घेतलेली ही कामाची पद्धत आहे; आज त्यात दहा संस्था आहेत. दहापैकी चार संस्था एकेका देशाच्या आहेत. कुवेत फंड सगळ्यांत जुना. कुवेत स्वतंत्र झाला जून १९६१ मध्ये आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात फंड उभा राहिला. मग अबू धाबी फंड (१९७१), सौदी फंड (१९७४) आणि कतार फंड (२००२). उरलेल्या सहा अनेक देशांच्या मिळून आहेत : कुवेतमधला अरब आर्थिक व सामाजिक विकास निधी, जेद्दाची ५७ सदस्य देशांची इस्लामी विकास बँक, व्हिएन्नातला ओपेक फंड (१९७६), आफ्रिकेसाठी खार्टूममध्ये स्थापलेली अरब बँक म्हणजे ‘बादेआ’, अबू धाबीतला अरब नाणेनिधी आणि रियाधचा ‘अगफंड’ (१९८०). गटाचं सचिवालय कुवेतमधल्या अरब निधीकडे आहे. नावात ‘अरब’ असलं तरी ओपेक फंडात व्हेनेझुएला-नायजेरिया आहेत आणि इस्लामी विकास बँकेत तुर्कस्तान-इंडोनेशिया आहेत, हेही ध्यानात ठेवा.

समन्वयाची गरज का पडली? १९७३ नंतर तेलाचा भाव चौपट झाला आणि दोन-तीन वर्षांत एकामागून एक निधी निघाले. सगळ्यांचे ऋणको मात्र तेच : सुदान, मॉरिटानिया, येमेन, माली. तिथल्या अर्थमंत्रालयात असे व्यवहार सांभाळणारे अधिकारी मोजकेच. आपल्याकडे शेतकऱ्याने विकास सोसायटी, राष्ट्रीयीकृत बँक आणि पतसंस्था अशा तिन्ही दारी अर्ज केला, तर प्रत्येकाला वेगळा सातबारा, वेगळा बेबाकी दाखला, वेगळा सर्च रिपोर्ट लागतो आणि पेरणीचे दिवस तलाठ्याच्या दारात जातात. तिथे हेच कोट्यवधी डॉलरच्या रस्त्यांबाबत होत होतं. म्हणून या गटाचं यश बैठकांच्या संख्येवर मोजू नये. कर्ज घेणाऱ्याच्या टेबलावरचे किती कागद कमी झाले, त्यावर मोजावं.

प्रश्न : एकाच कामावर चार-पाच निधींचा पैसा प्रत्यक्षात लागतो कसा? बिलं कोण तपासतं? कुठे अडतं? (पाटबंधारे खात्यातले निवृत्त कनिष्ठ अभियंता, चाळीसगाव)

उत्तर : तुम्ही मोजमाप पुस्तिका भरलेल्या आहेत, तेव्हा जरा तपशिलात जाऊ.

सुरुवात अर्ज करणाऱ्या देशाच्या अर्थमंत्रालयाच्या विनंतीपत्राने होते. सोबत व्यवहार्यता अहवाल लागतो. हाच अहवाल सगळ्या निधींकडे जातो. मग निधींमधला एक पुढाकार घेतो, बहुधा ज्याचा वाटा मोठा किंवा ज्याला तो देश माहितीचा आहे तो. त्याचे अभियंते आणि अर्थतज्ज्ञ मूल्यमापनाला जातात; बाकीचे सोबत जातात किंवा त्याच अहवालावर विसंबतात. समन्वयाचा पहिला खरा फायदा हा, पाच पाहण्यांऐवजी एक. मग वाटणीचा तक्ता होतो आणि प्रत्येक निधीचं संचालक मंडळ आपापला वाटा मंजूर करतं.

समजा १२० किलोमीटरचा रस्ता, खर्च १० कोटी डॉलर (हा आकडा समजण्यापुरता). सरकारचा वाटा १ कोटी. चार निधींचे ३, ३, २ आणि १ कोटी. आता दोन मार्ग आहेत. एक म्हणजे संयुक्त पद्धत. ठेकेदाराचं दर महिन्याचं बिल १०० धरलं तर १० सरकार देतं, बाकी निधी ३०, ३०, २० आणि १० देतात. ठेका एक, सल्लागार एक, नियम एक. दुसरी समांतर पद्धत. रस्त्याचे टप्पे पाडायचे आणि शून्य ते चाळीस किलोमीटर पहिल्याला, पुढचा तुकडा दुसऱ्याला, असं वाटून द्यायचं. प्रत्येक टप्प्याची निविदा वेगळी.

संयुक्त पद्धत कागदावर देखणी आहे. पण एका निधीची उचल अडली की ठेकेदाराचं बिल ७० टक्क्यांवर थांबतं, तो उशिराच्या व्याजाचा दावा लावतो आणि तो दावा कुठल्याच निधीतून भागत नाही. सरकारच्या अंगावर येतो. समांतर पद्धतीत एकाचं दुखणं दुसऱ्याला लागत नाही, पण मधला टप्पा राहिला तर दोन्हीकडे डांबर आणि मध्ये फुफाटा अशी गत होते. धरणाला लांबीचे तुकडे पाडता येत नाहीत, म्हणून तिथे बांधकाम, दरवाजे, टर्बाइन, वाहिन्या अशी वाटणी करतात.

इस्लामी विकास बँक असली की आणखी एक गाठ. तिच्या ‘इस्तिस्ना’ करारात बँक कागदोपत्री स्वतः काम करवून घेते आणि तयार मालमत्ता ठरलेल्या किमतीला त्या देशाला विकते. इतरांच्या व्याजी कर्जाबरोबर एकाच बिलात टक्केवारी लावणं जुळत नाही, म्हणून तिच्यासाठी सहसा स्वतंत्र टप्पा काढून देतात.

करारावर सही झाली म्हणजे पैसा सुटला, असं समजू नका. कर्ज ‘अमलात’ यावं लागतं. त्यासाठी संसदेची मंजुरी, कायदेशीर अभिप्राय, प्रकल्प कक्षाची नेमणूक आणि बरेचदा ‘बाकीच्या निधींची कर्जंही अमलात आली पाहिजेत’ ही अट. ही शेवटची अट समन्वयातून येते आणि समन्वयाचाच गळा धरते : तिघांची कागदपत्रं पूर्ण, एकाचं संसदेत अडकलेलं, तर चौघंही थांबतात. याला उपाय एवढाच की अंतिम तारीख चारही करारांत एकच ठेवायची आणि मुदतवाढीचं पत्र पुढाकार घेणाऱ्या निधीकडूनच मागायचं.

पैसा सुटायचे चार मार्ग आहेत. सल्लागाराने सही केलेल्या बिलावर निधी थेट ठेकेदाराला देतो. सरकारने आधी भरलेली रक्कम परत करतो. मालाच्या पतपत्रामागे (लेटर ऑफ क्रेडिट) निधी पुरवठादाराच्या बँकेला ‘आम्ही भरू’ असं न मोडता येणारं वचन देतो. किंवा छोट्या खर्चासाठी खास खात्यात आगाऊ रक्कम ठेवतो. कर आणि आयातशुल्क कर्जातून भरता येत नाही. हे अनेक देश विसरतात. बंदरात यंत्रं उतरतात, सीमाशुल्कवाले दारात उभे, माफीचं पत्र मंत्रालयात. कुठल्याही अभियांत्रिकी चुकीपेक्षा जास्त दिवस या एका पत्रापायी गेलेले दिसतात. दुसरा नेहमीचा घोळ सरकारच्या त्या १० टक्क्यांचा. भूसंपादन, विजेचे खांब हलवणं, स्थानिक मजुरी हे सारं त्यातून करायचं असतं. अरब निधींचा भर पूर्वीपासून परकीय चलनातल्या खर्चावर राहिला, त्यामुळे रोख चणचण असलेल्या देशात डॉलरचा भाग तयार आणि देशी चलनाचा भाग गायब, असं होतं.

निविदा, सल्लागारनिवड यांचे सामाईक नियम गटातल्या संस्थांनी तयार केले आहेत. ‘ना हरकत’ मात्र अजून अनेकदा प्रत्येकाकडून घ्यावी लागते. ओपेक फंडाची रीत यात शहाणपणाची वाटते : तो कर्जाची देखरेख बरेचदा जागतिक बँक किंवा सोबतच्या दुसऱ्या संस्थेवर सोपवतो आणि करारातच तिचं नाव घालतो. मग ना हरकत एकाच दारातून येते.

प्रश्न : ‘सवलतीचं कर्ज’ म्हणतात. सवलत किती, हे हिशोबाने कसं पाहायचं? (चार्टर्ड अकाउंटंट, जळगाव)

उत्तर : ‘अनुदानाचा अंश’ काढायचा. परत फेडायच्या सगळ्या रकमांची आजची किंमत काढा, ती कर्जातून वजा करा, उरलं ते अनुदान.

१०० चं कर्ज घ्या. मुदत २५ वर्षं, पहिली ५ वर्षं फक्त व्याज, पुढे २० वर्षं दरसाल मुद्दल ५. व्याज २ टक्के. ५ टक्के दराने आजची किंमत काढली की मुद्दलाचे सुमारे ४८.८ आणि व्याजाचे २०.५, मिळून ६९.३ येतात. अनुदानाचा अंश ३१ टक्क्यांच्या जरा खाली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा कार्यक्रम चालू असलेल्या गरीब देशाला साधारणपणे किमान ३५ टक्के अंशाचीच कर्जं घेता येतात, आणि त्या मोजणीचा दर ५ टक्केच आहे. म्हणजे हे कर्ज नापास. व्याज दीड टक्का केलं की अंश ३६ च्या आसपास जातो आणि पास होतं.

आता इथे समन्वय कामाला येतो. नाणेनिधी एकत्र बांधलेलं पॅकेज एकत्र मोजतो. वरच्याच मुदतीत अर्धी रक्कम एका निधीने २ टक्क्यांनी दिली (अंश ३१) आणि अर्धी दुसऱ्याने १ टक्क्याने (अंश ४१), तर सरासरी ३६ होते. एकट्याने नापास ठरलेलं कर्ज जोडीने पास. सहवित्तपुरवठ्यामागे बंधुभाव वगैरे असेलही. आम्हाला मात्र हे गणित जास्त पटतं.

गंमत म्हणजे हेच २ टक्क्यांचं कर्ज जुन्या पद्धतीने, १० टक्के दराने मोजलं तर अंश ५९ टक्के दिसतो. १९७० आणि ८० च्या दशकातले ‘अतिउदार’ कर्जांचे आकडे वाचताना दर कोणता लावला होता, ते आधी पाहा.

आणि चलन. कुवेत फंड कुवेती दिनारात कर्ज देतो, सौदी फंड रियालात, अबू धाबी फंड दिऱ्हमात, ओपेक फंड मुख्यतः डॉलरमध्ये. रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ आणि दिऱ्हम १९९७ पासून ३.६७२५ असा बांधलेला आहे, म्हणून ती दोन्ही कर्जं व्यवहारात डॉलरचीच समजा. दिनार मे २००७ पासून अनेक चलनांच्या टोपलीला बांधला आहे, तो डॉलरपासून थोडा इकडेतिकडे होतो. इस्लामी विकास बँकेचा ‘इस्लामी दिनार’ नाणेनिधीच्या ‘एसडीआर’ या हिशोबी एककाच्या बरोबरीचा. चार निधींचं एक पॅकेज म्हणजे ऋणको देशाच्या वहीत चार चलनं, चार हप्त्यांच्या तारखा आणि चार दंडव्याजाची कलमं. नियम एक केले, तारखा मात्र एक केल्या नाहीत. ही त्रुटी अजून तशीच आहे.

प्रश्न : इतला पैसा जास कथा? आणि तो येतो कुठून? (किराणा दुकानदार, पारोळा)

उत्तर : निधींचं मूळ भांडवल त्या त्या सरकारांनी तेलाच्या मिळकतीतून घातलेलं. कर्जफेड आणि गुंतवणुकीचं उत्पन्न परत भांडवलात जातं, त्यामुळे तेल पडलं तरी निधी लगेच आटत नाहीत. जातो तो रस्ते, वीज, पाणी, सिंचन यांत जास्त. कुवेत फंडाचं पहिलं कर्ज सुदानच्या रेल्वेला होतं, १९६२ मध्ये. १९७४ पर्यंत तो फक्त अरब देशांना देत असे, मग सगळ्या विकसनशील देशांना दार उघडलं.

पण एक फरक नीट समजून घ्या. आखाती सरकारांची सगळी मदत या निधींतून जात नाही. मोठा भाग अर्थमंत्रालयातून थेट जातो : दुसऱ्या देशाच्या मध्यवर्ती बँकेत ठेव, तेलाचा पुरवठा, अर्थसंकल्पाला टेकू. जुलै २०१३ मध्ये इजिप्तला सौदी, अमिराती आणि कुवेत यांनी काही दिवसांत मिळून १२ अब्ज डॉलर जाहीर केले, त्याला ना मूल्यमापन होतं ना सामाईक नियम. राजकारण तिथे चालतं. समन्वय गटाची शिस्त निधींपुरती आहे.

प्रश्न : सरदार सरोवरात आमच्या अक्राणी-अक्कलकुव्याची गावं गेली. जागतिक बँकेला शेवटी माघार घ्यावी लागली. अरब निधी एकत्र येऊन धरणं बांधतात, तेव्हा बाधितांचं कोण पाहतं? (पुनर्वसनाच्या कामातल्या वाचक, धडगाव)

उत्तर : या स्तंभातला सगळ्यांत अवघड प्रश्न. थेट उत्तर असं, की पाहण्याची जबाबदारी त्या देशाच्या सरकारवर सोडलेली असते, आणि ते सरकार पाहणार नसेल तर समन्वयाने बाधितांचं भलं होत नाही. उलट जबाबदारी पाच जणांत वाटली जाऊन पातळ होते.

सुदानचं मेरोवे धरण घ्या. नाईलवर, १२५० मेगावॉट, मार्च २००९ मध्ये उद्घाटन. पैसा चीनच्या एक्झिम (निर्यात-आयात) बँकेचा आणि अरब निधींचा : अरब आर्थिक व सामाजिक विकास निधी आणि सौदी, कुवेत, अबू धाबी फंड. विस्थापित पन्नास हजारांच्या वर. हमदाब, अमरी आणि मनासीर समाजांना नदीकाठच्या खजुराच्या बागा सोडून वाळवंटातल्या वसाहतींत जावं लागलं, कित्येकांनी नकार दिला आणि पाणी चढल्यावर घरं सोडली. ऑगस्ट २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे निवाराविषयक विशेष प्रतिवेदक मिलून कोठारी यांनी काम थांबवायला सांगितलं होतं. थांबलं नाही.

फरक कुठे पडला ते पाहा. सरदार सरोवरात जागतिक बँकेचं ४५ कोटी डॉलरचं साहाय्य होतं. आंदोलनामुळे बँकेला प्रकल्पाच्या फेरतपासणीसाठी मोर्स समिती नेमावी लागली, १९९२ मध्ये अहवाल आला आणि मार्च १९९३ अखेर उरलेला पैसा बंद झाला. त्याच वर्षी बँकेने स्वतंत्र तपासणी मंडळ काढलं, जिथे बाधित माणूस थेट तक्रार करू शकतो. म्हणजे तुमच्या भागातल्या लढ्याने जगभरच्या बाधितांना एक दार उघडून दिलं. मेरोवेच्या लोकांना ठोठावायला असं दार नव्हतं. निधींनी खरेदीचे नियम एक केले, तसा तक्रारीचा एक सामाईक मार्गही काढायला हवा. निविदेच्या नियमांपेक्षा तो जास्त तातडीचा होता, असं आमचं मत आहे.

दुसरं उदाहरण मालीतल्या मनंताळी धरणाचं, बाफिंग नदीवर. सेनेगल, माली, मॉरिटानिया यांची सामाईक संस्था आणि युरोपीय, आफ्रिकी व अरब निधी मिळून. धरण १९८८ मध्ये झालं. २०० मेगावॉटचं वीजघर मात्र २००१ च्या अखेरीपासून सुरू झालं. मधल्या काळात विजेच्या वाहिन्यांचा मार्ग आणि पैसा यांवर वाद, त्यात १९८९ चा सेनेगल-मॉरिटानिया संघर्ष. पूर अडवला गेल्याने पूर ओसरल्यावर गाळावर पेरणी करणाऱ्या शेतकऱ्यांची शेती बसली. तापीच्या काठावर गाळपेर करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. खाली सेनेगल नदीच्या मुखाजवळच्या दियामा बांधाने (१९८६) खारं पाणी आत येणं थांबवलं, गोड्या साचल्या पाण्यात गोगलगायी वाढल्या आणि रिशार-टोल भागात बिलहार्झियाची (गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या कृमिरोगाची) साथ पसरली. आरोग्याचा खर्च ज्यांच्या वाटणीच्या तक्त्यात नव्हता, त्यांच्या अहवालात तो दिसलाही नाही. वीजवाटणी मात्र चोख : माली ५२, सेनेगल ३३, मॉरिटानिया १५ टक्के.

प्रश्न : पॅरिस घोषणेच्या आधीपासून अरब निधी हे करत होते, असं एका व्याख्यानात ऐकलं. खरं का? (पदव्युत्तर विद्यार्थिनी, धुळे)

उत्तर : बरंचसं खरं. विकासमदत परिणामकारक करण्यासाठीच्या २००५ च्या पॅरिस घोषणेत पाच सूत्रं होती : योजना घेणाऱ्या देशाची, देणाऱ्यांनी त्या देशाच्या व्यवस्थेशी जुळवून घेणं, देणाऱ्यांचा आपसात मेळ, परिणामांवर लक्ष, दोन्ही बाजूंनी जबाब. त्यातल्या तिसऱ्यावर अरब निधींचं काम तीस वर्षं आधीचं. पहिल्यावरही त्यांची बाजू बरी, कारण ते सहसा धोरणांच्या अटी घालत नाहीत, देश मागेल तो प्रकल्प पाहतात. चौथ्या-पाचव्यावर ते मागे होते : काम पूर्ण झाल्यावर दहा वर्षांनी त्या रस्त्याचं काय झालं, हे लोकांसमोर मांडण्याची सवय कमी. पाश्चात्त्यांनी मात्र फार नाक वर करू नये. २०१० पर्यंत गाठायच्या १३ उद्दिष्टांपैकी जगभर मिळून एकच गाठलं गेलं.

प्रश्न : भारताने असा पैसा कधी घेतला का? (अमळनेरहून दोन पत्रं)

उत्तर : घेतला. कुवेत, सौदी आणि ओपेक फंडांची कर्जं भारताच्या बाह्य कर्जाच्या वहीत आहेत. ओडिशातल्या कोरापूट-रायगडा रेल्वेमार्गाला सौदी फंडाचं कर्ज होतं. २००३ मध्ये भारताने मोजके मोठे देश वगळता बाकीच्यांची द्विपक्षीय मदत घेणं बंद केलं. २०१८ च्या केरळ पुरात अमिरातीच्या ७०० कोटींची चर्चा झाली, तीही आपत्तीत परदेशी सरकारांची मदत न घेण्याच्या २००४ पासूनच्या धोरणामुळे पुढे गेली नाही. तो आकडा अधिकृत नव्हता, हे अमिरातीच्या राजदूतांनी नंतर स्पष्ट केलं.

प्रश्न : आमच्या ‘माविम’च्या बचत गटाला तेलवाल्या देशांचा पैसा आहे, असं कुणी म्हणालं. (गटाच्या सचिव, साक्री)

उत्तर : थोडा धागा आहे. माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) ‘तेजस्विनी’ कार्यक्रमाला रोमच्या आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचं, इफादचं, कर्ज होतं. इफाद १९७७ मध्ये स्थापन झाला, आणि त्याच्या पहिल्या भांडवलात ओपेक देशांचा वाटा चार-दशांशांहून जास्त होता. बाकीचा मुख्यतः पाश्चात्त्य देशांचा. हे कर्ज भारत सरकारने घेतलं, पुढे राज्याला दिलं आणि त्यातून गटबांधणी, प्रशिक्षण, लोकसंचालित साधन केंद्रं झाली. तुमच्या गटाने बँकेतून उचललेलं कर्ज मात्र बँकेचंच आहे, हप्ता तिथेच भरायचा.

प्रश्न : आमच्या आदिवासी वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेला या निधींकडे अर्ज करता येईल का? (विश्वस्त, नवापूर)

उत्तर : मोठ्या निधींकडे नाही. ते मुख्यतः सरकारला किंवा सरकारच्या हमीवर देतात. ‘अगफंड’ स्वयंसेवी संस्थांच्या कामात पडतो, पण कुठलाही परदेशी पैसा घ्यायचा तर आधी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी, गेल्या तीन आर्थिक वर्षांत मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च दाखवता आला पाहिजे, अर्ज एफसी-३ए. तेवढं नसेल तर एका ठरावीक देणगीसाठी पूर्वपरवानगी, अर्ज एफसी-३बी, सोबत देणगीदाराचं रक्कम आणि काम लिहिलेलं पत्र. पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यात येतो. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. एका संस्थेने घेऊन दुसऱ्या संस्थेला देणं २०२० पासून बंद, त्यामुळे ‘मुंबईच्या संस्थेच्या नावावर घेऊ’ असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वार्षिक विवरण एफसी-४, आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत. पैसा आला नसेल तरी शून्याचं भरायचं. बऱ्याच नोंदण्या इथेच अडचणीत येतात. आणि अमुक टक्के आगाऊ भरा, आखातातून निधी आणून देतो, म्हणणारा एजंट आला तर त्याला चहाही पाजू नका. या संस्था एजंटामार्फत पैसा वाटत नाहीत.

प्रश्न : आम्ही ठिबकचे पाइप आणि फिल्टर बनवतो. अरब निधींच्या पैशावरच्या आफ्रिकेतल्या सिंचन निविदांत भाग घेता येईल का? मोठमोठ्या घोषणा वाचतो, त्यावर विसंबून यंत्रं वाढवावीत का? (लघुउद्योजक, जळगाव)

उत्तर : निविदा निधी काढत नाही, कर्ज घेणारा देश काढतो. पहिल्या पानावर पैसा कुणाचा आणि पात्र देश कोणते, ते पाहा. पैसा इस्लामी विकास बँकेचा असेल तर ‘आंतरराष्ट्रीय स्पर्धा’ आणि ‘सदस्य देशांपुरती आंतरराष्ट्रीय स्पर्धा’ असे दोन प्रकार असतात. भारत सदस्य नाही, म्हणून दुसऱ्या प्रकारात तुमचा अर्ज उघडल्याउघडल्या बाद. तिथे सदस्य देशातल्या मुख्य ठेकेदाराला माल पुरवायचा मार्ग उरतो, पण आधी मालाच्या उगम देशाची अट वाचा. संयुक्त पद्धतीच्या प्रकल्पात सर्वांत कडक अट लागते, समांतर पद्धतीत टप्प्यागणिक वेगळी. म्हणून त्याच प्रकल्पाचा एक टप्पा तुम्हाला बंद आणि पुढचा खुला असू शकतो.

पश्चिम आफ्रिकेत कागद फ्रेंचमध्ये लागतात. भाषांतर आणि मुखत्यारपत्राचं साक्षांकन यांना तीन-चार आठवडे धरून ठेवा. दर देताना न्हावा शेवापर्यंतचा, बंदरापर्यंतचा की कामाच्या जागेपर्यंतचा, हे पक्कं करा. माली-नायजरसारख्या देशांना समुद्र नाही, बंदरापासूनचं ट्रकभाडं नफा खाऊन जातं. पतपत्र आलं की त्यामागे निधीचं न मोडता येणारं वचन आहे का, हे आपल्या बँकेला लेखी विचारायला सांगा. ते नसेल आणि मध्येच त्या देशाचे हप्ते थकून उचल थांबली, तर तुमचा माल समुद्रात आणि पैसे अधांतरी.

घोषणांचं असं आहे. मे २०२२ मध्ये गटाने अन्नसुरक्षेसाठी १० अब्ज डॉलर जाहीर केले, नोव्हेंबर २०२२ मध्ये शर्म-अल-शेखच्या हवामान परिषदेत २०३० पर्यंत २४ अब्ज. अशी रक्कम एका तिजोरीत नसते. दहा संस्थांच्या येत्या वर्षांतल्या कर्जांची ती बेरीज असते, आणि त्यातलं नवं किती नि तसंही दिलंच असतं ते किती, हे बेरजेतून वेगळं काढता येत नाही. २४ अब्ज आठ वर्षांत म्हणजे वर्षाला ३ अब्ज, तेही दहा संस्था आणि अनेक देश यांत. त्यात ठिबक किती, याचा अंदाज बातमीवरून बांधू नका. तुम्हाला हव्या त्या देशातल्या एकेका प्रकल्पाच्या चार तारखा शोधा : सही, अमलात आल्याची तारीख, पहिली उचल आणि उचलीची अंतिम मुदत. पहिली उचल झालेली आणि अंतिम मुदतीला दोन वर्षं बाकी असलेली, अशी सिंचनाची कामं हाती लागली तर त्यांची निविदा सूचना मागवा. नुसती सही झालेल्या कामासाठी साचे बनवायला टाकू नका.